साथीच्या काळात मनोरुग्णाच्या तापाकडे कोणी पाहायचे?

दुधनाकाठ

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या गावात तापाची साथ आली आणि माझा धाकटा भाऊ दोन दिवस अंथरुणाला खिळून होता. ताप साधा होता आणि उतरलाही, पण त्या दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, कारण २०२१ चा एप्रिल पुन्हा समोर उभा राहिला.

भावाला वीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय यांचा मानसिक आजार आहे. क्लोझापीन या त्यावरच्या औषधाच्या ३०० मिलिग्रॅमवर तो चांगला स्थिर होता. सकाळी गोठा झाडायचा, दुपारी आईला शेंगा फोडून द्यायचा आणि रात्री नऊला स्वतःच्या हाताने गोळी घ्यायचा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला, बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन ८९ दिसला आणि खूप धावाधाव केल्यावर शेजारच्या जिल्ह्यात एक खाट मिळाली. केसपेपरच्या कोपऱ्यात कोणीतरी लाल शाईने ‘मनोरुग्ण’ असे लिहिले. मी त्याच्या गोळ्यांची स्टीलची डबी दारावरच्या माणसाकडे दिली होती, पण ती आत त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. तिसऱ्या रात्री तो झोपला नाही, चौथ्या दिवशी ऑक्सिजनचा मास्क ओढून काढू लागला आणि मग त्याचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधण्यात आले. घरी आला तेव्हा मनगटांवर त्या पट्टीचे काळेनिळे वळ होते आणि आई रोज त्यांना खोबरेल तेल लावत असे.

पाचव्या दिवशी एका तरुण डॉक्टरांचा मला फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “यांना घरी रोज कोणती गोळी चालू होती?” माझा भाऊ आज आहे तो त्या प्रश्नामुळे, असे मी मानतो. तिथल्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही, कारण तेही तेव्हा दिवसरात्र राबत होते. मात्र पाच दिवस हा प्रश्न कोणालाच का सुचला नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

पुढची साथ येईल तेव्हा मनोरुग्णाला संसर्ग झाला तर त्याच्यावर उपचार कोठे व्हावेत? त्याला साथीच्या वॉर्डात हलवून मानसोपचारतज्ज्ञांनी तिथे यावे, की तो मानसोपचार विभागातच राहावा आणि फिजिशियनने तिथे जावे? माझे मत पहिल्या बाजूने आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

बालाघाट

आपला अनुभव वाचून वाईट वाटले. मी बीड जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो आणि आपल्या मताशी सहमत आहे. संसर्ग झालेला रुग्ण मानसोपचार विभागात एक दिवसही ठेवता कामा नये. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील चोंगदो येथील एका रुग्णालयाच्या बंद मानसोपचार विभागात विषाणू शिरला आणि तिथले शंभरावर रुग्ण, म्हणजे जवळपास सगळेच, बाधित झाले. त्या देशातील कोविडचा पहिला मृत्यू याच विभागातला होता आणि तो माणूस वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहत होता. बंद खिडक्या, एका खोलीत जमिनीवर अंथरुणे टाकून झोपणारी अनेक माणसे आणि वर्षानुवर्षे खंगलेली शरीरे असतील, तर विषाणूला आणखी काय हवे? अशा ठिकाणी उपचार करत बसणे म्हणजे पेटलेल्या गंजीजवळ उरलेला कडबा रचून ठेवण्यासारखे आहे.

खामकाठ

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि त्या दोन वर्षांत मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात काम केले आहे. बालाघाट यांनी चोंगदोचे उदाहरण बरोबर दिले, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अर्धाच पटतो. तिथल्या रुग्णांचा घात गर्दीने, कोंदट हवेने आणि शरीराच्या तपासणीकडे झालेल्या दुर्लक्षाने केला. रुग्ण दुसऱ्या वॉर्डात हलवला आणि दुर्लक्ष तसेच राहिले, तर काय होते ते दुधनाकाठ यांनी वर लिहिलेच आहे.

जागेचा निर्णय दोन गोष्टींवर ठरावा असे मला वाटते. ताप आहे, पण ऑक्सिजन ९४ च्या वर आहे आणि रुग्ण खातो-पितो आहे, अशा वेळी मानसोपचार विभागातच एक वेगळा, हवेशीर भाग करून फिजिशियनने रोज तिथे फेरी मारावी. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की मात्र जिथे ऑक्सिजनची नळी भिंतीत आहे तिथेच रुग्ण न्यावा लागतो, त्याला पर्याय नाही. पण त्याच्याबरोबर त्याची औषधे गेली पाहिजेत आणि त्याला ओळखणारे एक तरी माणूस गेले पाहिजे.

आता औषधांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. क्लोझापीन ४८ तासांहून अधिक काळ बंद राहिले तर ते जुन्या मात्रेने पुन्हा सुरू करता येत नाही. रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून १२.५ मिलिग्रॅमपासून पायरीपायरीने वर जावे लागते. म्हणजे चार दिवसांची हेळसांड भरून काढायला अनेक दिवस लागतात आणि तेवढे दिवस रुग्ण अर्ध्याच संरक्षणाखाली असतो. दुसरे असे की, जोरदार संसर्गात यकृताचे काम मंदावते आणि तीच नेहमीची मात्रा रक्तात जास्त चढते. रुग्ण गुंगीत जातो, लाळ वाढते आणि ती लाळ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया आणखी बिघडतो. तिसरे कारण तर आपल्या भागात हमखास आढळते. बिडीच्या धुरामुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) वाढलेले असते आणि ते क्लोझापीन लवकर निपटून टाकते. रुग्ण वॉर्डात आला, बिडी बंद झाली की ते विकर काही दिवसांतच खाली येते आणि औषध अंगात साचू लागते. तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही, कारण हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे. म्हणून भरती करताना “बिडी ओढता का, दिवसाला किती?” हे विचारणे म्हणजे औषधाच्या मात्रेचा हिशेब करणे होय.

शिवाय क्लोझापीनवरील रुग्णाला ताप आला की पांढऱ्या पेशींची मोजणी त्याच दिवशी झाली पाहिजे. विरळा का होईना, या औषधाने त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात आणि मग ताप साथीचा आहे असे गृहीत धरणे जिवावर बेतते.

आसना

मी नांदेडकडची परिचारिका आहे. डॉक्टरसाहेबांनी औषधांचे लिहिले, मी खाटेजवळचे लिहिते.

पहिल्या लाटेत आमच्या मानसोपचार विभागातील एक भाग विलगीकरणासाठी काढला होता. आम्ही पांढरा पोशाख, चष्मा आणि दोन मास्क घालून आत गेलो तेव्हा एक रुग्ण खाटेखाली जाऊन बसला. आपल्याला न्यायला माणसे आली आहेत, असा त्याला आधीपासूनच भास होत असे आणि आम्ही नेमके तसेच दिसत होतो. त्याला बाहेर काढायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही छातीवर मार्करने मोठ्या अक्षरांत आपापले नाव लिहू लागलो आणि आत जाण्याआधी जाळीच्या दाराबाहेर, अंतर ठेवून, मास्क क्षणभर खाली करून चेहरा दाखवू लागलो. एक आजोबा रोज विचारत, “सिस्टर, तुमचे तोंड आणले का आज?” आणि चेहरा दिसला की शांतपणे हात पुढे करत.

बोटाला लावायच्या यंत्राचेही तसेच झाले. एका मुलाला वाटत असे की ते लाल दिव्याचे यंत्र त्याचे विचार वाचते. मी ते आधी माझ्या बोटाला लावले, माझा आकडा त्याला मोठ्याने वाचायला सांगितला आणि मग म्हणाले, “आता तुझा आकडा मी वाचते.” त्यानंतर तो स्वतःच वहीत आकडे लिहून ठेवू लागला. पुढे त्याचा ऑक्सिजन घसरला, ते सर्वांत आधी त्याच्याच वहीतून कळले.

काही गोष्टी बाहेरच्या वॉर्डात कोणाच्या लक्षात येत नाहीत. सॅनिटायझरची बाटली मानसोपचार विभागात भिंतीला लावून ठेवता येत नाही, कारण दारूचे व्यसन असलेला किंवा जिवावर उदार झालेला रुग्ण ती पिऊ शकतो. तिथे साबण आणि पाणीच बरे. मास्कच्या नाकावरची धातूची पट्टी काढून घ्यावी लागते. आणि “काही त्रास होतो का?” या प्रश्नाच्या उत्तरावर कधीही विसंबून राहू नये. वर्षानुवर्षे आजारी असलेली माणसे दम लागला तरी सांगत नाहीत, दुखले तरी हू की चू करत नाहीत. म्हणून एकाला लागण झाली की संपूर्ण विभागाची तपासणी करायची, लक्षणांची वाट पाहायची नाही, हा नियम आम्ही धरला होता.

मांजरा

माझी मुलगी बायपोलर आहे, म्हणजे तिचे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाते. आपण सगळे वॉर्ड कोणता असावा याची चर्चा करत आहात, पण आत नातेवाइकाला जाऊ द्यायचे की नाही, याविषयी कोणीच बोललेले नाही. ती माझ्या हातून घास खाते, दुसऱ्या कोणाच्या हातून खात नाही. तेरा दिवस मी दाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून होते आणि ती आत उपाशी होती. मी पोशाख घालायला तयार होते, मला लागण झाली असती तरी मी तक्रार केली नसती. नियम सर्वांना सारखाच होता हे मला कळते, परंतु सगळ्यांची मुले सारखी नसतात.

बालाघाट

मांजराताई, आपल्या वेदनेपुढे काही बोलणे कठीण आहे. तरीही एक डॉक्टर म्हणून सांगतो, त्या दिवसांत नातेवाइकांना आत सोडणे म्हणजे गावोगाव साथ पोहोचवणे होते. आपण पोशाख घातला असता, पण तो काढताना चूक होते आणि प्रशिक्षित माणसांकडूनही ती होते.

आसना

बालाघाट सर, भीती खरी आहे, पण पोशाख घालायला आणि काढायला एका नातेवाइकाला शिकवण्यास अर्धा तास लागतो. रुग्ण मास्क ओढू लागल्यावर त्याच्याजवळ दोन कर्मचारी रात्रभर उभे करावे लागतात. लहान मुलाबरोबर आईला आत राहू देतात, तोच न्याय इथे लावायला काय हरकत होती? आमच्याकडे नंतर एका वडिलांना तशी परवानगी मिळाली आणि त्या खाटेवर एकदाही शामक इंजेक्शन द्यावे लागले नाही.

औषधवाला

लातूर परिसरात माझे औषधांचे दुकान आहे. मांजराताईंनी बायपोलरचा उल्लेख केला म्हणून त्या आजारावरच्या लिथियम या औषधाविषयी सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

साथीच्या काळात माणसे घरच्या घरी अंगदुखीची गोळी घेत होती. लिथियम चालू असलेल्या रुग्णाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले तर मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणे कमी होते आणि त्याची रक्तातील पातळी चढते. त्यात ताप, जुलाब आणि आपल्याकडचा एप्रिल-मे मधला बेचाळीस अंशांचा उन्हाळा यांनी अंगातील पाणी आणि मीठ कमी झाले की ती आणखी चढते. लिथियमची उपयोगी पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान असते आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, म्हणजे औषध आणि विष यांत बोटभराचेही अंतर नाही. हात जोराने थरथरणे, उलटी, जुलाब, पाय लटपटणे, जीभ जड होणे, ही ती लक्षणे. घरच्यांना वाटते की अशक्तपणा आहे, आणि डॉक्टरांना वाटते की जुना आजार उलटला आहे.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते. पाणी भरपूर द्यावे, मीठ तोडू नये आणि जुलाब-उलट्या होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून लिथियमची पुढची गोळी द्यायची की थांबवायची ते ठरवावे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला “घरात कोणाला झोपेची, डोक्याची गोळी चालू आहे का?” असे मी तेव्हापासून विचारतो. बरेच जण आधी नाही म्हणतात आणि पैसे देऊन झाल्यावर हळूच हो म्हणतात.

तेरणा

मी धाराशिवला वकिली करतो. कायद्याच्या दोन-तीन बाबी इथे नोंदवतो, कारण त्या चर्चेच्या मुळाशी आहेत.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बरोबरीने वागणूक मिळाली पाहिजे. त्यात रुग्णवाहिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. ‘हा वेडा आहे, गाडीत दंगा करेल’ असे म्हणून रुग्णवाहिका नाकारली गेल्याची एक घटना माझ्याच नात्यात घडली आहे आणि तेव्हा आमच्यापैकी एकालाही हे कलम ठाऊक नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

दुसरी बाब कलम ९७ ची आहे. त्यानुसार मनोरुग्णाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. बांधून ठेवणेही केवळ तात्काळ गंभीर इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्या वेळासाठीच करता येते. आता साथीत विलगीकरण अपरिहार्य असते. मग विलगीकरण कोठे संपते आणि कोंडणे कोठे सुरू होते? माझ्या मते, खोलीला बाहेरून कडी आहे की नाही, आतल्या माणसाला कारण समजावून सांगितले आहे की नाही, त्याच्याशी कोणी बोलते की नाही आणि हे किती दिवस चालणार ते त्याला ठाऊक आहे की नाही, यावर ते ठरते. दुधनाकाठ यांच्या भावाचे हात किती वेळ आणि कोणाच्या आदेशाने बांधले होते, याची लेखी नोंद असायला हवी होती.

पैनगंगा

हिंगोलीच्या बाजूला मी मानसिक आरोग्याच्या कामात समाजसेवक आहे. आपण सगळे रुग्णालयाच्या आतले बोलत आहात, पण आमच्या आठ जिल्ह्यांतील बहुतेक रुग्ण रुग्णालयात नव्हतेच. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. जालन्यासाठी ३६५ खाटांच्या रुग्णालयाला मंजुरी मिळाली, तीही पहिल्या दोन लाटा ओसरून गेल्यावर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एसटी थांबली, तेव्हा येरवड्याहून महिन्याची औषधे आणणारी माणसे जिथल्या तिथे अडकली. एप्रिलच्या अखेरीस गोळ्या संपल्या आणि मे महिन्यात घराघरांत आजार उलटला. संसर्ग न होताही साथीने असे रुग्ण आजारी पाडले.

आम्ही आशाताईंकडून यादी केली, प्रत्येकाची चिठ्ठी मोबाईलवर मागवली आणि भाजीच्या गाडीतून, दुधाच्या गाडीतून गोळ्या पोहोचवल्या. एका वाडीवर दूधवाल्याने सलग दोन महिने एका बाईची गोळी रोज तिच्यासमोर उभे राहून खाऊ घातली, कारण ती घरच्यांवर संशय घेत असे आणि दूधवाल्यावर तिचा विश्वास होता.

लसीचाही प्रश्न होता. रस्त्यावरून आणलेल्या किंवा नाव-गाव न सांगू शकणाऱ्या रुग्णाजवळ आधार कार्ड कोठून असणार? मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणाची कार्यपद्धती काढली आणि तीत मानसिक आरोग्य संस्थांमधील रुग्णांचा उल्लेख होता, पण लसीकरण तर जानेवारीपासून सुरू झाले होते. तोवर ही माणसे रांगेबाहेर होती.

तेरणा

पैनगंगा यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बऱ्या झालेल्या मनोरुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्यावरून आपल्या राज्याला थांबवले आणि देशभरातील मानसिक आरोग्य संस्थांमध्ये राहणाऱ्यांच्या चाचण्या व लसीकरण करण्यास सांगितले.

गोदावरी

माझ्या सासूबाईंना हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजाराचे औषध चालू आहे. अशा औषधांवर असताना साथीची लस घेतलेली चालते का?

खामकाठ

गोदावरीताई, चालते. मानसिक आजाराच्या औषधांमुळे लस वर्ज्य ठरत नाही. उलट, अशा रुग्णांना लस आधी द्यावी असे मी म्हणेन. न्यू यॉर्कमधील एका मोठ्या आरोग्यसेवेतील रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे २.७ पट आढळला आणि वय सोडले तर याहून मोठा धोका दुसऱ्या कोणत्याच आजाराचा नव्हता.

हॅलोपेरिडॉलचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती माझ्या मनातून जात नाही. एका अस्वस्थ रुग्णाला या औषधाचे इंजेक्शन दिल्यावर तीन दिवसांनी त्याला ताप आला. सगळीकडे साथ होती, त्यामुळे तापाचे कारण विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही. मी पाहायला गेलो तेव्हा त्याचा हात कोपरात वाकवून पाहिला. तो शिशाच्या कांबीसारखा ताठ होता, अंग घामाने निथळत होते आणि नाडी व रक्तदाब सतत वरखाली होत होते. सीपीके हे स्नायूंमधील विकर रक्तात तपासले, ते अतिशय वाढलेले होते. तो ताप विषाणूचा नव्हता, औषधाचाच होता. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात त्याला आणि त्यात ते औषध त्याच क्षणी थांबवावे लागते. कोविडची चाचणी नकारात्मक आली म्हणून तिसऱ्यांदा चाचणी करण्याची तयारी चालू होती. हात वाकवून पाहायला दहा सेकंद लागतात.

उलटही घडते. रुग्ण एकाएकी बरळू लागला, संध्याकाळनंतर वाढले आणि सकाळी कमी झाले, त्याला तारीख-वार कळेना, तर तो जुना मानसिक आजार नसून मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याचे किंवा संसर्गाचे लक्षण असते. स्किझोफ्रेनियाचा माणूस भास होत असतानाही आज कोणता वार आहे हे बहुधा सांगतो. केसपेपरवर ‘मनोरुग्ण’ लिहिलेले असले की हा फरक पाहिला जात नाही आणि बरळणाऱ्याला ऑक्सिजनऐवजी झोपेचे इंजेक्शन मिळते. ज्याचा श्वास आधीच अपुरा आहे त्याला ते इंजेक्शन किती महागात पडते, हे बालाघाट सरांना मी सांगायला नको.

बालाघाट

नको, डॉक्टर. माझ्या हातून ते एकदा घडले आहे. रात्री अडीच वाजता एक रुग्ण खाटेवरून उतरून दाराकडे जात होता, मला त्याची पार्श्वभूमी फोनवर सांगण्यात आली आणि मी फोनवरच लोराझेपाम हे झोपेचे औषध लिहून दिले. ऑक्सिजन किती आहे हे मी विचारले नाही. तो ७८ होता, हे अर्ध्या तासाने कळले. रुग्ण वाचला, पण अतिदक्षता विभागात बारा दिवस काढून.

आणखी एक कबुली देतो. त्या पहिल्या महिन्यांत आम्ही हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि अझिथ्रोमायसिन सर्रास देत होतो. दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यातील क्यूटी हे अंतर लांबवतात, म्हणजे ठोका बिघडण्याचा धोका वाढवतात, आणि हॅलोपेरिडॉलही तेच करते. तिन्ही एकत्र असताना प्रत्येकाचा ईसीजी काढला होता, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. नंतर स्टेरॉइड आले. त्यांनी जीव वाचवले, पण काहींची झोप आणि मनाचा तोल घालवला. मानसोपचारतज्ज्ञ शेजारी असता तर हे दोन्ही वेळेवर लक्षात आले असते. म्हणून माझे पहिले मत थोडे बदलतो. रुग्ण साथीच्या वॉर्डात न्यावा हे मी अजूनही म्हणेन, पण मानसोपचारतज्ज्ञांची रोजची फेरी नसेल तर नेऊ नये.

पैनगंगा

सर, आपण कोविडविषयीच बोलत आहोत, परंतु आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेला क्षयरोगही याच रांगेत आहे. दीर्घकाळ एकत्र राहणारी, कमी खाणारी आणि खोकल्याची तक्रार न करणारी माणसे त्याला लवकर बळी पडतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन सुरू झाले की हॅलोपेरिडॉल, क्लोझापीन यांची रक्तातील पातळी इतकी उतरते की महिनाभरात आजार उलटतो. मग घरचे म्हणतात की टीबीच्या गोळ्यांनी डोके फिरवले आणि त्या गोळ्याच बंद करतात. क्षयाची औषधे देणारा आणि मनाची औषधे देणारा यांनी एकमेकांना एक फोन केला तरी मात्रा वेळेवर वाढवता येते. साथ नसलेल्या वर्षांत हा फोन करण्याची सवय लागली, तरच ती साथीत उपयोगी पडेल.

मांजरा

फोन करायला नंबर तर कागदावर हवा. माझ्या मुलीच्या केसपेपरवर तिच्या मानसोपचार डॉक्टरांचे नाव लिहायला जागाच नव्हती.

दुधनाकाठ

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. जागेविषयी माझे मत आता बालाघाट सर आणि खामकाठ डॉक्टर यांच्या मधोमध कोठेतरी आले आहे: ऑक्सिजन लागेपर्यंत ओळखीच्या ठिकाणी, लागल्यावर साथीच्या वॉर्डात, आणि दोन्हीकडे दोन्ही डॉक्टर. मात्र शासनाने हे करेपर्यंत मी हातावर हात ठेवून बसू शकत नाही, म्हणून मांजराताईंचे वाक्य वाचल्यावर काल रात्री एक कागद तयार केला. तो लॅमिनेट करून भावाच्या गोळ्यांच्या डबीला दोऱ्याने बांधणार आहे आणि एक प्रत त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवणार आहे. आतापर्यंत लिहिले ते असे:

“मी क्लोझापीन घेतो, रात्री नऊला ३०० मिलिग्रॅम. हे औषध बंद करू नका. दोन दिवस चुकले असेल तर पूर्ण मात्रा देऊ नका, माझ्या डॉक्टरांना फोन करा. ताप असेल तर आज पांढऱ्या पेशी मोजा. मी दिवसाला आठ बिड्या ओढतो, त्या बंद झाल्या तर डॉक्टरांना कळवा. दम लागला तरी मी सांगत नाही, म्हणून बोटाला यंत्र लावून पाहा. मी बरळलो तर आधी ऑक्सिजन पाहा.” खाली त्याच्या डॉक्टरांचा आणि माझा नंबर आहे. काही राहिले असल्यास सांगावे.

तेरणा

त्यावर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचे नाव घाला. कलम १४ प्रमाणे हे साध्या कागदावर लिहून त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने करता येते. ती नेमणूक मानसिक उपचारांच्या निर्णयांसाठी असते हे खरे, पण दारावर उभ्या असलेल्या नातेवाइकाच्या हातात काहीतरी लेखी असले की दार थोडे लवकर उघडते. आणि कागद लिहिताना भावालाही समोर बसवा. त्यात काय असावे हे त्यालाही सांगू द्या.

आसना

औषधांचे सगळे आले. आता त्याला शांत कशाने वाटते, तेही एका ओळीत लिहा. रात्रपाळीच्या सिस्टरला ती ओळ सगळ्यांत आधी लागेल.

दुधनाकाठ

सिस्टर, आज दुपारी त्याला समोर बसवून विचारले. बराच वेळ तो काहीच बोलला नाही, शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, “लिही, हात बांधू नका. हातात शेंगा द्या.” तसेच लिहिले आहे.